उलमार्कला विकलं ते ठीक, पण आधी का?

प्रश्न : मुलाकडे बॉस्टनला जाऊन आलो. नातू आइस हॉकीवेडा, बॉस्टनच्या ब्रुइन्स संघाचा कट्टर भक्त. 2024च्या जूनमध्ये संघाने लिनस उलमार्क हा गोली, म्हणजे गोलरक्षक, ऑटावाच्या संघाला देऊन टाकला, त्याचा राग पोराच्या नाकावर अजून आहे. मुलगा म्हणतो, दोन गोली पोसणं परवडणारं नव्हतं. जेवताना रोज हाच वाद. तुमचं मत काय?
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : एकाला सोडायचं हे मला पटतं. ज्या क्रमाने सोडलं तो क्रम मात्र अजिबात पटत नाही.

आधी नातवाची बाजू. उलमार्क म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. 2022-23च्या मोसमात या स्वीडिश गोलीने 40 सामने जिंकले आणि सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी घेतली. त्याचा जोडीदार जेरेमी स्वेमन, अलास्काचा पोरगा, उलमार्कपेक्षा पाच वर्षांनी लहान. सामना जिंकला की दोघे अंगावरच्या त्या गाद्यागिरद्यांसकट बर्फावरून घसरत एकमेकांकडे यायचे, हात पसरायचे आणि कडकडून मिठी मारायचे. प्रेक्षक त्यासाठी थांबायचे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे छान राहत होत्या.

पण उलमार्कच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं, पगार 50 लाख डॉलर. पुढच्या उन्हाळ्यात तो मोकळा झाला असता आणि संघाच्या हाती धुपाटणं आलं असतं. शिवाय 2024च्या प्लेऑफमध्ये 13 पैकी 12 सामने स्वेमननेच सुरू केले आणि टोरांटोला मालिकेच्या सातव्या सामन्यात घरी पाठवलं. भविष्य कोणाचं, हे तिथेच ठरलं होतं. इथवर तुमच्या मुलाचं बरोबर.

आता पैशांचं बघा, कारण ‘परवडत नव्हतं’ हे मला पूर्ण मान्य नाही. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा असते. 2024-25च्या मोसमात ती 8 कोटी 80 लाख डॉलर होती. उलमार्कच्या बदल्यात ब्रुइन्सना नवोदित खेळाडूंच्या वाटपातली (ड्राफ्ट) पहिल्या फेरीतली एक निवड, मार्क कॅस्टेलिक हा आघाडीचा खेळाडू आणि जोनास कोर्पिसालो हा गोली मिळाला. कोर्पिसालोच्या पगारातला काही भाग ऑटावाने स्वतःकडे ठेवला, तरी ब्रुइन्सच्या हिशेबात तो 30 लाखांना पडला. म्हणजे गोलीच्या खात्यात बचत झाली अवघी 20 लाखांची! आणि हा गृहस्थ आदल्या मोसमात शंभरातले 89 फटके अडवणारा. या खेळात 91 अडवणारा चांगला, 89वाला डोकेदुखी.

खरी गडबड पुढे झाली. उलमार्क गेला 24 जूनला, आणि त्या दिवशी स्वेमनच्या नव्या करारावर सही नव्हती! त्याचा जुना करार संपत आला होता. त्याने पगार ठरवून देणाऱ्या लवादाकडे जायचंही टाळलं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही; इथे संघाने स्वतःचंच नाक स्वेमनच्या एजंटाच्या चिमटीत दिलं. जुलै गेला, ऑगस्ट गेला, सराव शिबिर सुरू झालं तरी मुख्य गोलीचा पत्ता नाही. सप्टेंबरअखेर संघाचे अध्यक्ष कॅम नीली पत्रकारांसमोर म्हणाले, मी स्वेमन असतो तर माझ्याकडे खेळायला 6 कोटी 40 लाख कारणं असती; म्हणजे संघाने तेवढे डॉलर देऊ केले होते. घरातली बोलणी अशी चव्हाट्यावर आणायची नसतात. एजंटाने लगेच जाहीर केलं की तो आकडा आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

सही झाली 6 ऑक्टोबरला. आठ वर्षं, 6 कोटी 60 लाख डॉलर. पहिला सामना दोन दिवसांवर! फ्लोरिडाविरुद्ध कोर्पिसालो उभा राहिला आणि संघ 6-4 हरला. शिबिर चुकलेल्या स्वेमनने त्या मोसमात शंभरातले जेमतेम 89 अडवले. प्रशिक्षकांना नोव्हेंबरातच काढलं, संघ प्लेऑफला मुकला. सगळं खापर गोलीवर फोडू नका, बचावफळीही ढेपाळली होती. तिकडे ऑटावा 2017नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोचला, उलमार्कला घेऊन.

नातवाला एवढंच सांगा की मे 2025मध्ये अमेरिकेने 1933नंतर पहिल्यांदा जागतिक अजिंक्यपद जिंकलं, अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला 1-0 हरवून. अमेरिकेच्या गोलपोस्टपुढे स्वेमनच होता. पोराचा राग जाणार नाही, पण पोस्टरसाठी भिंतीवर दुसरी जागा करेल.

प्रश्न : आपल्या हॉकीत अशी गोलीची अदलाबदल होते का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : राष्ट्रीय संघात विकणं-घेणं नसतं, तिथे वाट बघणं असतं. श्रीजेश ऑगस्ट 2024मध्ये पॅरिसचं कांस्य गळ्यात घालून निवृत्त झाला आणि वर्षानुवर्षं त्याच्या मागे थांबलेल्या कृष्ण पाठकची पाळी आली. पुढच्याच महिन्यात चीनमधल्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीला पाठकबरोबर दुसरा गोली होता तुमच्या मुंबईचा सूरज करकेरा. भारताने ती जिंकली. आपल्याकडे गोलीचं नाव लोकांना पेनल्टी शूटआउटलाच आठवतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.