"मागच्या वेळी सोडलं होतं": राईडच्या फाटकावर नव्यानं उभं राहणाऱ्याला पत्र

प्रिय मित्रा,

तुझा प्रश्न असा: मनोरंजन पार्कमधल्या राईडच्या फलकावर एक लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात वेगळंच चालतं, मग फाटकावर वाद झाला की बाजू कोणाची घ्यायची? पाहुणा म्हणतो, "मागच्या वेळी सोडलं होतं." तो सहसा खोटं बोलत नसतो. कोणीतरी खरंच सोडलेलं असतं, बहुधा चांगल्या मनानं, आणि त्या दिवशी काही बिघडलेलंही नसतं. आजचा वाद त्यातूनच आलेला असतो.

माझं मत आधीच सांगतो. सूट योग्य असेल तर ती कागदावर यायला हवी. कागदावर आणता येत नसेल तर ती देऊ नये. तोंडी सूट गरजवंताला मिळत नाही, हुज्जत घालणाऱ्याला मिळते. आणि तिचा भुर्दंड पुढच्या पाळीत त्याच फाटकावर उभं राहणाऱ्याला पडतो.

वाद सुरू झाला की स्वतःला एकच विचार: हा नियम आला कुठून? उंची, वजन, हार्नेस (खांद्यांवरून खाली येऊन माणसाला सीटला धरून ठेवणारी चौकट) किती खाली आला पाहिजे, एका डब्यात किती माणसं, हे राईड बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमधून येतं. तिथे सूट देण्याचा अधिकार तुला नाही, सुपरवायझरला नाही, मालकालाही नाही. पार्कनं मॅन्युअलपेक्षा कडक व्हायला हरकत नसते, सैल होता येत नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या डॅरियन लेक पार्कमध्ये ८ जुलै २०११ रोजी काय झालं ते नीट समजून घे. 'राईड ऑफ स्टील' हा दोनशे फुटांहून उंच कोस्टर, म्हणजे चढउतारांच्या रुळांवरून गाडी धावते ती राईड. बसणाऱ्याला दोन्ही पाय असले पाहिजेत, असा नियम तिथे होता. इराकमध्ये दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक आला आणि कर्मचाऱ्यांनी त्याला बसू दिलं. गाडी धावत असताना तो बाहेर फेकला गेला आणि मरण पावला. नियम पाळला गेला नाही, हेच कारण तपासात पुढे आलं. आता त्या नियमामागची गोष्ट बघ. लॅप बार, म्हणजे बसणाऱ्याला धरून ठेवणारा आडवा दांडा, मांड्यांवर बसतो. गाडी चढाचा माथा ओलांडते तेव्हा शरीर सीटवरून वर उचललं जातं, आणि त्या क्षणी माणूस अडकून राहतो तो मांड्या बारखाली असतात म्हणून. मांडीच नसेल तर बार कितीही दाबला तरी त्याला धरायला खाली काही नाही. फलकावर एवढं कोणी लिहीत नाही. तिथे एक ओळ असते, आणि कारण माहीत नसलेल्याला ती ओळ निष्ठुर वाटते. तुझ्या राईडवरच्या प्रत्येक ओळीचं कारण तुला तोंडपाठ पाहिजे. ते माहीत असलं की कुणाच्या दयेनं किंवा कुणाच्या दमदाटीनं तुझा हात हलत नाही.

सूट नेहमी तोंडीच असते असंही नाही, ती यंत्रातही लपलेली असू शकते. अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या आयकॉन पार्कमधल्या 'फ्री फॉल' मनोऱ्यावरून मार्च २०२२ मध्ये १४ वर्षांचा एक मुलगा पडून मरण पावला. मॅन्युअलमधली वजनाची मर्यादा १३० किलोच्या आसपास होती आणि मुलाचं वजन त्याहून बरंच जास्त होतं. सीट आणि हार्नेस यांच्यात जास्त फट राहिली तर राईड सुरूच होऊ नये, हे पाहायला सेन्सर असतो. त्या सीटचा सेन्सर मात्र हातानं सैल केलेला होता. सुमारे ७ इंच फट, म्हणजे नेहमीच्या जवळपास दुप्पट, असूनही त्यानं राईड अडवली नाही. म्हणून हार्नेस बंद झाल्याचं दाखवणाऱ्या नुसत्या दिव्यावर जाऊ नकोस. प्रत्येक हार्नेस आधी खाली ओढ, मग वर ढकलून बघ. एखादी सीट बाकीच्यांपेक्षा जास्त माणसांना 'घेते' असं लक्षात आलं तर ती सोय समजू नकोस. ती सीट बंद ठेवायला लाव आणि मेंटेनन्सला कळव.

उंचीचा वाद रोजचा आहे, तेव्हा त्याबद्दल जरा सविस्तर. पुष्कळ मोठ्या कोस्टरांवर ४८ इंच म्हणजे १२२ सेंटिमीटरची अट असते. पालक म्हणतात, अर्ध्या सेंटिमीटरनं काय होतंय? उंची हे खरं तर दुसऱ्याच गोष्टींचं माप आहे: मांडीची लांबी, कंबर सीटमध्ये कुठे टेकते, हार्नेस खांद्यावर बसतो की मानेवर, आणि मूल सांगितल्याप्रमाणे बसून राहील का. हे सगळं फाटकावर मोजता येत नाही, उंची मोजता येते. रेषा कुठेतरी ओढावीच लागते, आणि अर्धा सेंटिमीटर सोडला की उद्या वाद पाऊण सेंटिमीटरवर येतो.

मोजायचं असं. बूट घालून की काढून, हे पार्कनं ठरवायचं आणि सगळ्या राईडवर एकच पद्धत ठेवायची. टाचा खांबाला टेकलेल्या, पाठ सरळ, नजर समोर. हनुवटी वर केली की डोक्याचा माथा मागे जातो आणि माप चुकतं. अंबाडा, क्लिप, टोपी बाजूला. आडवी पट्टी केसांवर नाही, कवटीवर टेकली पाहिजे. तुझी नजर पट्टीकडे गेली की पोरं टाचा उचलतात, म्हणून आधी टाचा बघ, मग पट्टी, मग पुन्हा टाचा. पार्क उघडण्याआधी खांब स्टीलच्या टेपनं तपासून घे. खाली नवी चटई टाकली किंवा फरशी उतरती असली तर दोन राईडवरची मापं जुळत नाहीत, आणि "तिकडे चाललं, इकडे का नाही" या वादात पाहुणा बरोबर असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. माणसाची उंची सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी भरते. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भारानं दबतात, आणि फरक साधारण एक सेंटिमीटरचा असतो. सकाळी रेषेला जेमतेम टेकलेलं मूल संध्याकाळी खाली उतरलेलं दिसलं तर आईबाप फसवतायत असं समजू नकोस. यावर उपाय लेखीच हवा: प्रवेशद्वाराजवळ एकदा मोजून मनगटाला पट्टा बांधायचा आणि तो त्या दिवसापुरता मानायचा. पट्टा असला तरी प्लॅटफॉर्मवर लॅप बार किंवा हार्नेस नीट बसत नसेल तर मुलाला उतरवायचं, हेही त्याच कागदावर लिहिलेलं हवं.

फाटकावर दोनदाच मोजायचं. एकदा तू, हवं तर एकदा सुपरवायझर. तिसऱ्यांदा मोजलंस की ते मोजमाप राहत नाही, घासाघीस होते.

काही नियमांचं कारण राईडमध्ये सापडतच नाही, ते राईड बंद पडल्यावर कळतं. हाताला किंवा पायाला प्लॅस्टर असलेला माणूस म्हणतो, मी तर नुसता बसणार आहे. पण गाडी चढावर अडकली तर त्याला अरुंद जिन्यावरून, एका हाताला कठडा धरून, बरंच उंचावरून खाली यायचं असतं. शिवाय झटका बसताना तो स्वतःला सावरून धरू शकत नाही. हे शांतपणे सांगितलंस तर बहुतेक माणसं ऐकतात.

मात्र याची दुसरी बाजूही तितक्याच गंभीरपणे घे. अपंग माणसाला सरसकट 'नाही' म्हणणारा नियम हा बऱ्याचदा आळशीपणे लिहिलेला असतो. अमेरिकेच्या अपंग हक्क कायद्याखालचे नियम सांगतात की सुरक्षेची अट प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेली हवी, अंदाजांवर किंवा समजुतींवर नाही. ही कसोटी कुठेही लागू पडेल अशी आहे. एका हाताचा पंजा नसणं आणि दोन्ही मांड्या नसणं या यंत्राच्या दृष्टीनं अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बार शरीराचा कोणता भाग धरतो, हात कुठे लागतात, खाली उतरायला काय लागतं, हे प्रत्येक राईडसाठी लिहून काढलं तर पुष्कळ 'नाही' गळून पडतात. पण हे काम ऑफिसात, मॅन्युअल उघडून, बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहून आणि लेखी उत्तर घेऊन करायचं आहे. मागे दोनशे माणसं खोळंबलेली असताना प्लॅटफॉर्मवर नाही.

सुट्या वस्तूंच्या बाबतीत पार्क स्वतःच गोंधळ घालतात. फलक म्हणतो काहीही नेऊ नका, आणि खिशातला फोन सगळे चालवून घेतात. हळूहळू फोन खिशातून हातात येतो. युनिव्हर्सल ऑरलँडोनं काही कोस्टरांच्या रांगेत मेटल डिटेक्टर बसवून हा प्रश्नच मिटवला. डिस्नेच्या पार्कमध्ये सेल्फी स्टिक राईडवर नेऊ नका असं सांगून पाहिलं, लोक काढतच राहिले, शेवटी २०१५ मध्ये ती प्रवेशद्वारावरच थांबवली. चश्म्याचं मात्र ठरवून टाक: पट्टा असेल तर चालेल, नाहीतर लॉकर. आणि कुंपणापलीकडे पडलेली वस्तू आणायला कुणालाही सोडायचं नाही, 'एका मिनिटासाठी' सुद्धा. जून २००८ मध्ये अमेरिकेतल्या सिक्स फ्लॅग्स ओव्हर जॉर्जिया या पार्कमध्ये 'बॅटमॅन' कोस्टरखाली १७ वर्षांचा एक मुलगा दोन कुंपणं ओलांडून गेला आणि धावत्या गाडीच्या धडकेनं मेला. वस्तू पडली की पावती द्यायची आणि राईड बंद झाल्यावर आपल्या माणसानं आणायची.

रांगेचे नियम वेगळ्या जातीचे. इथे कुणाचा जीव जात नाही, पण भांडणं इथेच जास्त पेटतात. "आमची माणसं पुढे आहेत" या वाक्याचे दोन अर्थ असतात. लहान मुलाला लघवीला नेऊन आई परत आली, ही एक गोष्ट. एकानं जागा धरली आणि आठ जण मागून आले, ही दुसरी. पहिली लेखी करून टाक: एक मोठा आणि एक मूल, बाहेर जाताना अटेंडंटला सांगून, परत येताना त्याच्याचमार्फत. दुसऱ्या प्रकारात पुढच्यांनी मागे यायचं, मागच्यांनी पुढे जायचं नाही. मूल उंचीत बसत नसेल तर आईबापांनी आळीपाळीनं बसायची सोय पुष्कळ पार्कमध्ये असते. तुमच्याकडे असेल तर कुणी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांग.

इथली सैल सूट कशी आंबते ते डिस्नेच्या अनुभवावरून कळतं. अपंग पाहुण्यांसाठी तिथे एक कार्ड होतं, आणि ते मिळवणं फार सोपं होतं. लवकर आत जाता यावं म्हणून श्रीमंत कुटुंबं अपंग मार्गदर्शक भाड्यानं घेतात, अशा बातम्या २०१३ मध्ये आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते कार्ड बंद करून, रांगेत न थांबता ठरावीक वेळी परत या, असं सांगणारी पद्धत आणली, आणि २०२४ मध्ये तिचे निकष आणखी आवळले. यात खरी गरज असलेली बरीच माणसं बाहेर राहिली. फाटकावर 'जाऊ दे' म्हणून सोडलेल्या प्रत्येकाची किंमत शेवटी अशा कुणाला तरी मोजावी लागते, म्हणून मला या गोष्टीचा राग येतो.

राहिले धंद्याचे नियम, म्हणजे बाहेरचं खाणं वगैरे. त्यावर फाटकात वाद घालून पाहुण्याला काही मिळत नाही, तुलाही नाही. शांघाय डिस्नेलँडमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ आणू देत नव्हते, म्हणून कायद्याची एक विद्यार्थिनी कोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये तडजोड झाली आणि पार्कनं नियमच बदलला. तेव्हा पाहुण्याला तक्रारीचा नेमका पत्ता दे आणि त्यानं लिहावं असं मनापासून सांग.

आता बोलायचं कसं. "नियम म्हणजे नियम" हे वाक्य तोंडातून काढू नकोस, कारण त्याच माणसानं तो नियम मोडलेला पाहिलेला असतो. मागच्या वेळेवरही वाद घालू नकोस. म्हण, "ताई, मागच्या वेळी काय झालं ते मला माहीत नाही. आज पट्टी डोक्याला लागत नाहीये, आणि हार्नेस मानेवर येईल म्हणून मी बसवू शकत नाही." लगेच पुढचं वाक्य: कोणत्या राईडवर आत्ता बसता येईल, आणि पुढे बोलायचं असेल तर कोणाशी. मुलाशी खाली वाकून बोल, आणि 'तू लहान आहेस' म्हणू नकोस. 'या सीटला अजून तू बसत नाहीस' म्हण. दोष सीटकडे गेला की मूलही सावरतं आणि बापही.

पाळी संपली की नोंद कर: वेळ, राईड, कोणता नियम, पाहुण्याचं म्हणणं, काय ठरलं, कोणी ठरवलं. एकच मागणी परत परत दिसली तर सुपरवायझरकडे लेखी प्रस्ताव दे. त्यात ही सूट कोणासाठी, कोणत्या राईडवर, निर्णय कोण घेणार, काय तपासायचं आणि पुन्हा विचार कधी करायचा, एवढं असलं की पुरे. बरेच प्रस्ताव फेटाळले जातील. फेटाळल्याचं कारण मात्र मागून घे. उद्या फाटकावर सांगायला तेच उपयोगी पडतं.

शेवटचं, आणि सगळ्यात अवघड. कधीतरी वरूनच निरोप येईल: साहेबांचे पाहुणे आहेत, बसव. रांगेचा प्रश्न असेल तर नोंदवहीत त्यांचं नाव आणि सही घे आणि बसव. यंत्राचा नियम असेल तर गाडी सोडायची नाही. "मॅन्युअलमध्ये हे बसत नाही, लेखी द्या, मी मेंटेनन्सला बोलावतो" एवढंच म्हण, आवाज न चढवता. दुसऱ्या कुणाला राईड चालवायच्या पॅनेलवर बसवून तू बाजूला होणं हाही मार्ग नाही, कारण गाडी तर सुटणारच. कळ दाबून राईड थांबव आणि माणूस उतरेपर्यंत तिथेच थांब. तुमच्याकडे ऑपरेटरला राईड थांबवण्याचा अधिकार लेखी दिलेला आहे का, हे या आठवड्यात विचारून घे. नसेल तर तुझा पहिला प्रस्ताव त्याचाच असू दे, आणि मसुदा माझ्याकडे पाठव.

तुझा,
एक जुना सहकारी