सायबर सिक्युरिटी आणि एआय एकत्र असलेलं एम.टेक. करावं का? मुंबईत राहून जमेल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: बी.ई. कॉम्प्युटर झालंय, डोंबिवलीत राहता, दोन वर्षं टेस्टिंगची नोकरी केली, आणि आता दोन्ही शब्द नावात असलेल्या डिग्रीच्या जाहिराती दिसायला लागल्यात. घ्यावी, की चार सर्टिफिकेट करून सरळ नोकरी शोधावी?

करा. फक्त नावावर जाऊ नका.

एम.टेक.च्या आधी मी ऐरोलीत एका कंपनीच्या सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये होतो. आम्ही सगळे त्याला सॉक म्हणायचो. काम एवढंच: रात्रपाळीत स्क्रीनवर अलर्ट येतात, खरा की खोटा ते बघायचं, तिकीट, म्हणजे त्या अलर्टची नोंद, बंद करायचं. एका वर्षी साहेबांनी एआयवालं टूल आणलं. कोण रोज कुठून, किती वाजता लॉगिन करतो हे ते शिकायचं आणि काही वेगळं दिसलं की बोंब ठोकायचं. दोन-तीन महिने झकास चाललं. मग गणपती आले. लालबाग-परळपासून विरारपर्यंतची मंडळी कणकवली, देवगड, गुहागरला पोचली आणि आरती आटोपून रात्री अकराला पडवीत बसून व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट, लावायला लागली. टूलच्या लेखी सगळे चोर! पहिली पन्नासेक तिकिटं मी नीट वाचली. नंतर नुसतं ‘गावी गेलेत’ लिहून बंद करत सुटलो. त्यात एखादा खरा घुसखोर असता तर तोही माझ्या हातून गावी गेला असता.

तेव्हा वाटलं, टूल भिकार आहे. एम.टेक.ला आल्यावर कळलं की टूल बरं होतं, हिशोबच वाईट होता. समजा दिवसाला 10 लाख नोंदी येतात आणि त्यात 100 खऱ्या हल्ल्याच्या आहेत. मॉडेल, म्हणजे टूलमधला शिकलेला प्रोग्राम, हल्ला असो वा चांगली नोंद, दोन्ही बाजूंनी 99 टक्के बरोबर. म्हणजे 100 पैकी 99 हल्ले पकडले, शाब्बास. पण उरलेल्या 9,99,900 चांगल्या नोंदींपैकी एक टक्का, म्हणजे 9,999, त्यांवरही लाल दिवा लागला. शंभर अलर्ट उघडले की जेमतेम एक खरा. सॉकमध्ये हे कुणी सांगत नाही, कारण वेळ नसतो. एआयच्या क्रॅश कोर्सात सांगत नाहीत, कारण तिथे नोंदी निम्म्या चांगल्या, निम्म्या वाईट अशा वाटूनच देतात. दोन्ही विषय एकत्र शिकायचे ते यासाठी.

आता दुसरी बाजू. माझा पहिल्या वर्षाचा प्रोजेक्ट नेटवर्कवरचे हल्ले ओळखण्याचा, केडीडी 99 या डेटावर होता. 1998 साली अमेरिकी हवाई दलाच्या नेटवर्कची नक्कल उभारून गोळा केलेल्या माहितीवरून तो बनवलाय. अचूकता 99 टक्क्यांच्या पुढे, मी खूश, गाइडही खूश. व्हायवाला आलेल्या एक्स्टर्नल बाईंनी एकच विचारलं, “डुप्लिकेट नोंदी काढल्या होत्या का?” नव्हत्या काढल्या. त्या डेटात तीन चतुर्थांशांहून जास्त नोंदी पुन्हा पुन्हा आलेल्या आहेत. 2009 मध्येच त्या काढून एनएसएल-केडीडी नावाची सुधारित आवृत्ती निघाली होती, आणि मी मात्र, शिकवलेल्याच नोंदी तपासणीत परत आल्यावर मॉडेलच्या पाठांतराला बुद्धी समजून बसलो होतो. काढून चालवल्यावर आकडा किती घसरला ते विचारू नका.

शिवाय एआयने सुरक्षा करणं वेगळं आणि एआयची सुरक्षा करणं वेगळं. 2014 च्या एका प्रसिद्ध पेपरात पांडाच्या फोटोवर डोळ्याला न दिसणारा गोंगाट मिसळला, तर मॉडेल 99.3 टक्के खात्रीने त्याला गिबन म्हणालं. आता चॅटबॉटला वाचायला दिलेल्या मेलमध्येच कुणी उलट्या सूचना दडवून ठेवतो, त्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. अभ्यासक्रमात हा भाग नसेल तर तो जुनाच कोर्स आहे, फक्त पाटी नवी.

मुंबईपुरतं बोलायचं तर सरळ वाट गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेची. परीक्षा फेब्रुवारीत असते, स्कोअर तीन वर्षं चालतो. 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आलाय, पण तुम्ही कॉम्प्युटरचे, तेव्हा सीएसचाच, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचा, पेपर आधी पक्का करा. पवईच्या आयआयटीत नावात दोन्ही शब्द शोधू नका. कॉम्प्युटर सायन्सचं एम.टेक. घ्या आणि सुरक्षेवर काम करणारा गाइड गाठा. तिथे रिसर्च असिस्टंट म्हणून तीन वर्षांचं एम.टेक.ही असतं. माटुंग्याच्या व्हीजेटीआयला डोंबिवलीहून रोज जाऊन-येऊन करता येतं, दादरला उतरण्याची तालीम तुम्हाला असेलच. नावातच जोड हवी असेल तर गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी बघा, मात्र घर सोडावं लागेल. गेटवाल्यांना महिना 12,400 रुपये मिळतात. हॉस्टेलवर भागतं, घरी पैसे द्यायचे असतील तर नाही.

जाहिरातवाल्या कोर्सांबद्दल: फी भरण्याआधी तिथल्या मागच्या दोन वर्षांच्या प्रोजेक्टची यादी मागा. डेटा कुठून आणला ते पान उघडा. सगळीकडे केडीडीच दिसलं तर परतीची लोकल पकडा.