तोंडाची कोरड जर्मनमध्ये विचारताना

प्रश्न : तोंडाच्या कोरडेपणाची ११ वाक्यांची इंग्रजी प्रश्नावली (झेरोस्टोमिया इन्व्हेंटरी) आम्हाला जर्मन रुग्णांसाठी आणायची आहे. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या एकाच माणसाकडून भाषांतर करून घेतलं तर?

उत्तर : नको. मूळ वाक्य त्याच्या डोक्यात असतं, त्यामुळे स्वतःचं वाक्य त्याला स्पष्टच वाटतं. आधी मूळ कर्त्यांची परवानगी घ्या. मग जर्मन मातृभाषा असलेल्या दोघांकडून स्वतंत्र मसुदे करून घ्या. एक दंतवैद्य असावा, दुसऱ्याचा या विषयाशी संबंध नसावा. दोन्हींचा मिळून एक मसुदा करायचा आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून तो पुन्हा इंग्रजीत आणायचा. फरक भाषांतरकार आणि तज्ज्ञ यांच्या समितीपुढे मांडायचे.

अडतं ते साध्या शब्दांवर. प्रश्नावली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची, म्हणून खोकल्यावर चघळायच्या गोळ्यांना तिथे ‘कफ लॉलीज’ म्हटलंय. जर्मनमध्ये ‘लॉली’ म्हणजे काडीवरची गोळी! तिथे ‘हुस्टनबॉनबॉन’ (खोकल्याची गोळी) हाच शब्द हवा. ऑस्ट्रियात गोळीला ‘त्सुकर्ल’ म्हणतात, पण बॉनबॉन तिथेही कळतं. ‘रात्री प्यायला उठतो’ या वाक्यात नुसतं ‘त्रिंकन’ (पिणं) ठेवलं, तर आपल्याकडे ‘तो पितो’ म्हटल्यावर येतो तसा दारूचा वास येऊ शकतो. ‘काहीतरी प्यायला’ असं लिहिलं की भागतं.

याच वाक्यात आणखी एक गोम आहे. पाण्याची बाटली उशाशी ठेवणारा रुग्ण उठतच नाही. तो प्रामाणिकपणे ‘कधीच नाही’वर खूण करतो आणि त्याचे गुण घटतात. ही फट मुळातच आहे. ती परस्पर बुजवली तर इतर देशांच्या गुणांशी तुलना करता येणार नाही, म्हणून नोंद करून समितीपुढे ठेवा. अशा गोष्टी सापडण्यासाठी ३०-४० रुग्णांवर चाचणी घ्यायची आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून ‘तुम्ही याचा काय अर्थ घेतलात?’ असं विचारायचं. ‘समजलं का?’ विचारलंत तर सगळे हो म्हणतील.

प्रश्न : लाळ मोजली, पण प्रश्नावलीच्या गुणांशी मेळ फारसा बसत नाही. भाषांतर फसलं का?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. कोरड जाणवणं आणि लाळ कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असून दुसरी नसलेले रुग्ण भेटतात. आधी मोजणी तपासा. त्याआधी किमान तासभर खाणं, पिणं, धूम्रपान, दात घासणं बंद. मग वजन केलेल्या कपात १५ मिनिटं लाळ आपोआप गळू द्यायची. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलि. मिनिटाला ०.१ मिलि किंवा कमी आली तर लाळ कमी मानतात.

११ पैकी काही वाक्यं डोळे, नाक, ओठ आणि चेहऱ्याच्या त्वचेच्या कोरडेपणाची आहेत. श्योग्रेनच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) रुग्णाचे गुण त्यामुळे चढतात. मानेला किरणोपचार झालेल्याचं तोंड कोरडं ठणठणीत असलं तरी डोळे ठीक असतात. म्हणून ११ ते ५५ ही एकूण बेरीज बघून थांबू नका. रुग्णांच्या गटांनुसार आणि वाक्यवार पाहा. गुणांचा मेळ तोंडाच्या आरोग्याशी निगडित जीवनमान मोजणाऱ्या ओहिप-जी१४ या १४ प्रश्नांच्या जर्मन प्रश्नावलीशीही ताडून बघा.

प्रश्न : क्रोनबाख अल्फा (वाक्यं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.९७ आला. उत्तम ना?

उत्तर : संशय घ्या. ०.९५ च्या वर गेला की बहुधा वाक्यं एकच गोष्ट पुन्हा विचारत असतात. एक-दोन आठवड्यांनी त्याच रुग्णांकडून पुन्हा भरून घ्या. दोन्ही वेळांचा आयसीसी (दोन वेळचे गुण किती जुळतात याचा आकडा) ०.७ च्या वर हवा. मधल्या काळात औषध बदललेले रुग्ण या हिशेबातून वगळा.