टॅनरी टाळत नाहीये, तिच्याकडे तो कागदच नाही

तुमच्या धायरीतल्या बॅगांच्या युनिटकडे जर्मन ग्राहकाने दोन गोष्टी मागितल्यात: चामड्याचा पार जनावरापर्यंतचा माग आणि 'क्रोम-फ्री'ची, म्हणजे क्रोमियमचे क्षार न वापरता कमावल्याची हमी. तमिळनाडूतली टॅनरी (चामडं कमावणारा कारखाना) तुम्हाला नुसती टोलवतेय, म्हणून तिची नियत खोटी आहे का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाही.

मागाचं आधी बघू. कातडं कत्तलखान्यातून नाहीतर मेलेलं जनावर सोलणाऱ्याकडून गावच्या व्यापाऱ्याकडे येतं. तिथे त्याला मीठ लागतं, वजनाच्या साधारण ४० टक्के. पुढे अडत्याकडे दहा ठिकाणचे ढीग एक होतात आणि ट्रक राणीपेट, अंबूर नाहीतर कानपूरला निघतो. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो खरा, पण तो नंबर कातड्यासोबत पुढे लिहिला जात नाही. लिहिणाऱ्याला त्याचे चार पैसेही जास्त मिळत नाहीत. त्यात महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. गाडीत म्हशीचंच कातडं असलं तरी वाटेत कुणी अडवेल ही धास्ती असते. अशा धंद्यात कुणाकडून काय घेतलं हे वहीत कोण लिहून ठेवेल? पारदर्शकतेवर परिसंवाद भरवणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही.

एलडब्ल्यूजीचं (लेदर वर्किंग ग्रुप, टॅनऱ्यांची पर्यावरणाच्या अंगाने तपासणी करणारी संस्था) गोल्ड प्रमाणपत्रही इथे पुरत नाही. त्यात मुख्यतः टॅनरीतलं पाणी, रसायनं, ऊर्जा तपासतात. मागाला वेगळे गुण आहेत, पण गोल्ड म्हणजे जनावर सापडलं असं नव्हे.

आता क्रोम. जगातलं बहुतेक चामडं क्रोमनेच कमावतात, कारण ते काम एक-दोन दिवसांत उरकतं. बाभळीची साल आणि हिरड्याला आठवडे लागतात. हिरडा आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात मिळतो, कोल्हापुरी चपलेचं चामडंही वनस्पतीनेच कमावतात, मग इथल्या इथे का जमू नये, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ते ताठ चामडं तुमच्या मऊ स्लिंग बॅगेला चालायचं नाही. शिवाय सालीचं सांडपाणीही पाण्यातला प्राणवायू खातं. 'नैसर्गिक' म्हणून ओढ्यात सोडता येत नाही.

खरं तर युरोपीय कायद्याची क्रोमवर बंदीच नाही. मे २०१५ पासून मर्यादा आहे ती क्रोम-सहाला, म्हणजे क्रोमियमच्या घातक रूपाला: त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूत किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी. म्हणून ग्राहकाला सरळ विचारा, क्रोमच नको की क्रोम-सहाचा अहवाल चालेल? अहवालावर भागत असेल तर अर्धी अडचण तिथेच सुटते.

क्रोमच नको असेल तर गाठ ड्रमशी, म्हणजे कातडी कमावायच्या मोठ्या फिरत्या पिंपाशी आहे. तुमच्या थोड्या मालासाठी टॅनरी वेगळा घाणा लावणार नाही. पुण्यातल्या दोन-तीन युनिटांनी एकाच जाडीचा, एकाच रंगाचा माल मिळून मागवला तरच बोलणं पुढे सरकतं. रंगावरून भांडणं होतात, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मागाबाबत ग्राहकाला 'टॅनरीपर्यंत, आणि या लॉटपुरतं कत्तलखान्यापर्यंत' एवढंच लिहून द्या, तेही टॅनरीने लेखी दिलं तरच. आणि चाचणीला कोरं चामडं पाठवू नका. उष्णतेने, कोरड्या साठवणीत साध्या क्रोमचं क्रोम-सहा होऊ शकतं आणि आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेचं ऊन माहीतच आहे. शिवून, चिकटवून तयार झालेल्या बॅगेचा तुकडा कापून द्या.