मनूला मोठं नाव हवंय

पोटात असल्यापासून तुम्ही दोघं तिला ‘मनू’ म्हणताय आणि आता परदेशातल्या जन्मदाखल्यावर लिहायला मोठं नाव सापडत नाही. त्यात पत्रिकेत अक्षर आलंय ‘र’, म्हणून सासूबाई अडून बसल्यात.

सासूबाईंचं आधी बघू. ‘र’चं नाव नावरस म्हणून पत्रिकेत राहू दे. दाखल्याला त्याचं देणंघेणं नाही.

मनूचं मोठं नाव म्हणजे मणिकर्णिका. झाशीच्या राणीला लहानपणी मनूच म्हणत. पण पाच अक्षरं, त्यात दोन ‘ण’. परदेशी बाई हजेरी घेताना त्याचं काय करतील, डोळ्यांसमोर आणा. मनस्वी मला आवडतं, जरी आपल्याकडे ‘फार मनस्वी आहे हो’ हे नेहमी कौतुकानंच म्हटलं जातं असं नाही. मानसीची गंमत वेगळी. रोमन लिपीत ‘म’ आणि ‘मा’ सारखेच दिसतात, त्यामुळे तिकडे तिची ‘मनसी’ होणार आणि त्यातून मनू आपसूक निघणार.

नाव रोमनमध्ये चिठ्ठीवर लिहा आणि मराठी न येणाऱ्या शेजाऱ्याला द्या. काही सांगू नका, नुसतं वाचू द्या. त्याच्या तोंडून जे निघेल ते शाळा संपेपर्यंत ऐकायचं आहे. मनस्वीतला ‘व’ व्हीनं की डब्ल्यूनं, तेही आत्ताच ठरवा. आमच्याकडे एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं झालं. पुढे प्रत्येक अर्जासोबत खुलासा जोडत बसलो.

पण मला विचाराल, तर लाडकं नाव मोठ्या नावातूनच निघायला हवं हा हट्ट आपला नव्हेच. आपल्या घरातल्या बंडूचा आणि दाखल्यावरच्या नावाचा कधी संबंध होता? टिळकांचं नाव केशव. घरातलं ‘बाळ’ असं चिकटलं की लोकमान्य झाले तरी बाळ गंगाधरच राहिले. तेव्हा खुशाल रेवती लिहा आणि मनू म्हणा. सासूबाईंचा ‘र’ही त्यात आला.

इंग्लंडमध्ये नोंदणीला 42 दिवस मिळतात, स्कॉटलंडमध्ये 21. अमेरिकेत मात्र फॉर्म बहुधा दवाखान्यातच, घरी सोडण्याआधी हातात ठेवतात. बाराव्या दिवसापर्यंत कोणी थांबत नाही. पुढच्या खेपेला सासूबाईंशी बोलणं आठव्या महिन्यातच उरकून घ्या.