वाचकांचे प्रश्न : तार चुकली तर?

प्रश्न : पुतण्याला नौदलात लढाऊ वैमानिक व्हायचे आहे. वहिनी म्हणतात, "विमानच उडवायचे तर हवाई दलात जा, जहाजावर कशाला?" जहाजावर उतरणे खरेच एवढे धोक्याचे असते का?
– एक काका, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : वहिनींची शंका रास्त आहे. तुमच्याकडच्या विमानतळाची धावपट्टी दोनेक किलोमीटरची. आताचे 'विक्रांत' हे विमानवाहू जहाज टोकापासून टोकापर्यंत २६२ मीटर, आणि उतरायला त्यातला तुकडाच मिळतो. तोही पुढे सरकणारा, लाटांवर वरखाली होणारा. नौदलाचे लढाऊ विमान मिग-२९के ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने येते. डेकवर आडव्या ताणलेल्या तीन तारांपैकी एकीत शेपटाखालचा हुक अडकला, की शंभरेक मीटरांत थांबते. गंमत म्हणजे चाके टेकताच वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट वाढवतो. हुक चुकला तर लगेच परत उडता आले पाहिजे.

पूर्वी ही सोय नव्हती. डेक सरळ असे आणि पुढच्या टोकाला विमाने उभी असत. तार चुकली की समोरच्या अडथळ्यावर, नाहीतर थेट त्या विमानांवर आदळायचे. १९५० च्या दशकात ब्रिटिशांनी उतरण्याची पट्टी डावीकडे तिरकी केली. आता चुकले तरी पुढे मोकळा समुद्र असतो. या एका बदलाने जितके जीव वाचले, तितके कुठल्याही नव्या यंत्राने वाचले नसतील, असे आमचे मत. आधीची किंमत पाहा : १९५४ या एका वर्षात अमेरिकी नौदल व मरीन दलाने ७७६ विमाने आणि ५३५ माणसे गमावली, तीही कोरियाचे युद्ध थांबल्यावर. तिरक्या डेकांबरोबर १९६१ पासून तिथे प्रत्येक विमानासाठी एकच लेखी कार्यपद्धत आली. तोवर तुकडीगणिक रीत वेगळी होती. आपली पहिली 'विक्रांत' १९६१ मध्ये दाखल झाली ती तिरका डेक घेऊनच.

एक अडचण मात्र कायम आहे. होटगी रस्त्याच्या विमानमार्गात येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडता आली. जहाजाचा मनोरा कोण पाडणार? त्याच्यामागे हवा ढवळते आणि नेमके शेवटच्या काही सेकंदांत विमान खाली दबते.

प्रश्न : बातम्यांत वैमानिकच दिसतात. डेकवर राबणाऱ्यांना धोका किती?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : भरपूर, आणि त्याची चर्चा फार कमी होते. इंजिनाच्या तोंडाशी गेले तर आत ओढले जाण्याची भीती, मागे गेले तर झोताने समुद्रात फेकले जाण्याची. तारेचा धोका वेगळाच. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या 'आयझेनहॉवर'वर ताणलेली तार तुटून तिचे टोक डेकवर फिरले आणि आठ जण जखमी झाले. विमान डेकच्या कडेखाली गेले, पण वैमानिकांनी ते सावरले. चौकशीत निघाले ते असे : तारेच्या यंत्रणेतला बिघाड काढताना दुरुस्तीची पायरी राहून गेली होती.

सर्वांत मोठा धडा 'फॉरेस्टल' या अमेरिकी विमानवाहू जहाजाचा, २९ जुलै १९६७. उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानाला बाहेरच्या विजेवरून स्वतःच्या विजेवर घेताना झटका बसला आणि पंखाखालचे रॉकेट सुटले. रॉकेटची सुरक्षा पिन आधीच काढलेली होती. ते समोरच्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळले. पसरलेल्या आगीत जुन्या साठ्यातले बॉम्ब होते. नवे बॉम्ब धग जास्त वेळ सोसतात. या जुन्यांतला पहिला दीड मिनिटातच फुटला. आग विझवण्याचे खास शिक्षण घेतलेली तुकडी तेव्हा अगदी जवळ होती, ती जवळजवळ सगळी त्या एका स्फोटात गेली. मागून आलेल्यांना ते शिक्षण नव्हते. एका बाजूने कुणी फेस टाकत होते, तर दुसऱ्या बाजूने कुणी समुद्राचे पाणी मारून तोच फेस धुऊन टाकत होते. १३४ जण मेले. त्यानंतर अमेरिकी नौदलात स्वयंपाक्यापासून कारकुनापर्यंत सर्वांना अग्निशमन शिकवले जाऊ लागले, डेकवर फवारे बसले, बॉम्बना उष्णतारोधक लेप आला.

प्रश्न : स्की-जंपवरून उडणे कमी धोक्याचे का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : उड्डाणापुरते थोडेसे. स्की-जंप म्हणजे डेकच्या पुढच्या टोकाचा वर वळलेला चढ. कॅटापुल्टचा, म्हणजे विमानाला झटक्याने पुढे ढकलणाऱ्या यंत्राचा, दाब कमी पडून विमान समुद्रात पडण्याची भीती इथे नाही. शिवाय चढामुळे विमान वर फेकले जाते, म्हणून इंजिन बिघडले तर बाहेर पडायला दोन-चार सेकंद जास्त मिळतात. मोबदल्यात इंधन आणि शस्त्रे कमी न्यावी लागतात. उतरण्याची जोखीम तेवढीच.

प्रश्न : विमानवाहू जहाजांच्या बाबतीत चीनने अल्पावधीत एवढी मजल कशी मारली?
– निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : किंमत मोजूनच. जहाजावरच्या जे-१५ या चिनी लढाऊ विमानाच्या कामाचे प्रमुख लुओ यांग हे नोव्हेंबर २०१२ मध्ये, 'लिआओनिंग' या चिनी विमानवाहू जहाजावरील पहिल्या चाचण्या पार पडताच, हृदयविकाराने गेले. झांग चाओ हे २९ वर्षांचे वैमानिक २७ एप्रिल २०१६ रोजी जमिनीवरच, जहाजाचा सराव करताना गेले : नियंत्रणात बिघाड झाला, नाक एकदम वर उठले, विमान सावरण्याच्या प्रयत्नात ४.४ सेकंद गेले आणि वैमानिकासह खुर्ची बाहेर पडली तेव्हा पुरेशी उंची उरली नव्हती. म्हणून जमिनीवरचा सराव सोपा समजू नये. आपल्याकडे गोव्यात 'आयएनएस हंसा' या नौदलाच्या हवाई तळावर स्की-जंप आणि तारा असलेली पट्टी आहे. नौदलाचे तेजस ११ जानेवारी २०२० रोजी 'विक्रमादित्य' या विमानवाहू जहाजावर उतरले ते तिथे तारा पकडण्याचा सराव झाल्यावरच.