बाळाची जनुकीय तपासणी: ४० हजार आत्ता घालावेत का?

प्रश्न: राजारामपुरीत राहतो. पत्नीला आठवा महिना. पगार ४८,०००, शिल्लक दीड लाख. बाळ जन्मताच त्याच्या सगळ्या जनुकांची तपासणी करा, असं एकानं सुचवलंय, खर्च ४०,०००. करावी का?

उत्तर: तुमचं लग्न नात्यातलं आहे का? आपल्याकडे मामाची मुलगी करतातच, आणि तेवढ्यानं हिशेब बदलतो: दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. तसं असेल, किंवा घरात एखादं बाळ कारण न कळता गेलं असेल, तर बाळंतपणाआधीच जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटा.

तसं काही नसेल तर सध्या नको. सिझेरियन झालं आणि बाळाला चार दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर दीड लाख बघता बघता संपतात.

टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन होणारी साधी तपासणी मात्र चुकवू नका. नमुना ४८ ते ७२ तासांत घ्यावा. पहिल्या दिवशी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) मुळातच चढलेलं असतं, त्यामुळे उगाच धास्ती बसते. घरी सोडण्याच्या घाईत हीच तपासणी राहून जाते. टीएसएच, १७-ओएचपी (अॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात आजारासाठी), जी६पीडी (लाल रक्तपेशींतल्या एका विकराच्या कमतरतेसाठी) आहेत ना, विचारून घ्या. जन्मजात थायरॉइडची कमतरता वेळेत कळली तर गोळी स्वस्त असते, आणि मेंदूचं नुकसान टळतं. यातली बरीच प्रकरणं जनुकांत दिसतच नाहीत. कॅलिफोर्नियातल्या २०२० च्या अभ्यासात चयापचयाचे आजार असलेली सुमारे १२ टक्के बाळं नुसत्या एक्झोम तपासणीतून (जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग वाचणारी तपासणी) निसटली होती.

४०,००० वर थांबतंय असंही नाही. ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल निघाला की आईवडिलांचे नमुने आणि सल्ल्याची फी वेगळी. पुढे विम्याच्या अर्जात अहवाल विचारला तर सांगावाच लागतो. दडवलात तर दावा नाकारला जाऊ शकतो.

म्हणून दोघांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी (सगळ्या कुटुंबाचा एकत्र आरोग्यविमा) आत्ताच घ्या. या बाळंतपणाचा खर्च त्यातून मिळणार नाही, पण बाळाला बहुधा ९० दिवसांनी त्यात घालता येतं. नियम लेखी मागा.

ते ४०,००० बाजूला राहू द्या. बाळाला झटके आले, दूध टिकेना, सुस्ती उतरेना, तर डॉक्टर आईवडिलांच्या नमुन्यांसह तातडीची एक्झोम सांगतात. तेव्हा मागंपुढं पाहू नका.